शिडांचे युग आणि पृथ्वीचा ताप

सकाळी घरोघरी चुलीवर चहाचे आधण चढते, तेव्हा त्या पातेल्याकडे पाहून सागरी इतिहासाची आठवण कुणालाही होत नाही. परंतु दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी याच पानांच्या पेट्या वेळेत लंडनला पोहोचाव्यात म्हणून जगातील सर्वांत वेगवान जहाजे एकमेकांशी झुंजत होती. ती जहाजे वाऱ्यावर चालत. त्यांना ना कोळसा लागे, ना तेल. आज मात्र पृथ्वीचे तापमान का वाढते आहे याची चर्चा शाळकरी मुलेही करतात, आणि त्या चर्चेत कोळसा व तेल यांचे नाव सर्वांत आधी येते.

शिडांची जहाजे आणि हरितगृह परिणाम या दोन विषयांची सांगड आम्ही कशी घालणार, असा प्रश्न वाचकांना पडेल. आम्हांलाही तो पडला होता. परंतु वाचता वाचता असे ध्यानात आले की, हे दोन विषय एकाच काळाची अपत्ये आहेत. इतकेच नव्हे, तर आज पृथ्वी किती तापली हे ज्या मापाने मोजले जाते, त्या मापाचा एक भाग त्या जहाजांवरील खलाशांनीच आपल्या हाती ठेवला आहे. ती कथा आम्ही येथे सांगू इच्छितो.

वेगाची निकड

‘क्लिपर’ या नावाने ओळखली जाणारी जहाजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उदयास आली. त्यापूर्वीची मालवाहू जहाजे पोटाने फुगीर आणि नाळेशी बोथट असत. माल पुष्कळ मावे. पण चाल मंद. न्यूयॉर्कचे जहाजरचनाकार जॉन ग्रिफिथ्स यांनी हा क्रम उलटा केला. त्यांच्या आराखड्याप्रमाणे १८४५ साली ‘रेनबो’ हे जहाज पाण्यात उतरले. त्याची नाळ धारदार, अंग सडपातळ आणि डोलकाठ्या उंच होत्या. लाटेवर आदळण्याऐवजी ते लाट कापीत जाई. जाणत्या लोकांनी ते उलटेल असे भाकीत केले. ते उलटले नाही. ग्रिफिथ्स यांच्याच ‘सी विच’ने १८४९ साली हाँगकाँगहून न्यूयॉर्क ७४ दिवसांत गाठले.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात सोने सापडले. जानेवारी १८४८ मधील त्या शोधानंतर माणसांचे लोंढे तिकडे लोटले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याहून पश्चिम किनाऱ्यास जाण्यासाठी जहाजांना संपूर्ण दक्षिण अमेरिकेला वळसा घालून, केप हॉर्नच्या वादळी टोकावरून जावे लागे. या प्रवासास सामान्य जहाजाला सहा महिने लागत. बोस्टनचे डोनल्ड मके यांनी बांधलेल्या ‘फ्लाइंग क्लाउड’ने १८५१ साली तोच प्रवास ८९ दिवस २१ तासांत पुरा केला. १८५४ साली याच जहाजाने आणखी तेरा तास वाचवले, आणि तो विक्रम पुढे १९८९ पर्यंत कोणत्याही शिडाच्या नौकेला मोडता आला नाही.

या पराक्रमामागे एक स्त्री होती, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. जहाजाचे कप्तान जोशाया क्रीसी यांच्या पत्नी एलेनॉर क्रीसी या ‘फ्लाइंग क्लाउड’च्या मार्गदर्शक होत्या. सूर्य-तारे पाहून जहाजाचे स्थान ठरवणे, वाऱ्याचा व प्रवाहाचा अंदाज घेऊन मार्ग आखणे हे सर्व काम त्या करीत. त्यांच्या हाती एक नवे साधन होते: लेफ्टनंट मोरी यांचे नकाशे.

अडगळीतील वह्या

मॅथ्यू फॉन्टेन मोरी हे अमेरिकन आरमारातील अधिकारी. १८३९ साली घोडागाडीच्या अपघातात त्यांचा पाय जायबंदी झाला आणि समुद्रावरील सेवा संपली. पुढे १८४२ साली आरमाराच्या नकाशांच्या व उपकरणांच्या कोठाराची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेथे जुन्या जहाजांच्या नोंदवह्यांचे ढीग पडले होते. अमुक दिवशी, अमुक अक्षांश-रेखांशावर वारा कोणत्या दिशेचा, किती जोराचा, पाण्याचा प्रवाह कसा, अशा लाखो नोंदी. प्रवास संपला की वही अडगळीत जाई.

मोरींनी या वह्या उघडल्या. एकाच जागेवरून निरनिराळ्या महिन्यांत गेलेल्या शेकडो जहाजांच्या नोंदी एकत्र केल्या, तर त्या जागी त्या महिन्यात बहुधा कोणता वारा वाहतो हे कळते, ही साधी गोष्ट त्यांनी हेरली. १८४७ पासून त्यांचे वाऱ्यांचे व प्रवाहांचे नकाशे प्रसिद्ध होऊ लागले. या नकाशांची किंमत त्यांनी पैशांत घेतली नाही. जो कप्तान आपल्या प्रवासाची काटेकोर नोंद करून पाठवील, त्याला नकाशे फुकट! पुढे १८५३ साली ब्रुसेल्स येथे दहा सागरी राष्ट्रांची परिषद भरली आणि सर्व जहाजांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवाव्यात असे ठरले. या राष्ट्रांत इंग्लंड, फ्रान्स, रशिया यांच्याबरोबर पोर्तुगालही होते. वाऱ्याखेरीज हवेचा दाब, हवेचे तापमान आणि समुद्राच्या पाण्याचे तापमान हेही त्या नोंदींत लिहिले जाऊ लागले. हा शेवटचा रकाना वाचकांनी स्मरणात ठेवावा. त्याची गरज आपल्याला पुढे लागणार आहे.

चहाची शर्यत

इंग्लंडने १८४९ साली आपले जुने नौकानयन कायदे रद्द केले आणि परदेशी जहाजांना लंडनच्या बंदरात माल आणण्याची मुभा मिळाली. दुसऱ्याच वर्षी ‘ओरिएंटल’ हे अमेरिकन क्लिपर हाँगकाँगहून ९७ दिवसांत चहा घेऊन आले. इंग्रज जहाजमालक खडबडून जागे झाले आणि त्यांनीही तशीच जहाजे बांधण्यास घेतली. हंगामाचा पहिला चहा आणणाऱ्या जहाजाला टनामागे जादा रक्कम मिळे.

या चढाओढीचा कळस १८६६ साली झाला. चीनमधील फुचौ बंदराच्या मुखातून ३० मे रोजी ‘एरियल’, ‘टेपिंग’ व ‘सेरिका’ ही तिन्ही जहाजे एकाच भरतीवर बाहेर पडली. चिनी समुद्र, सुंदाची सामुद्रधुनी, हिंदी महासागर, केप ऑफ गुड होप, मग संपूर्ण अटलांटिक असा सुमारे चौदा हजार सागरी मैलांचा हा मार्ग. सप्टेंबरच्या ६ तारखेस रात्री ‘टेपिंग’ गोदीत शिरले. ‘एरियल’ त्यानंतर अवघ्या २८ मिनिटांनी. आणि ‘सेरिका’ही त्याच भरतीवर आले. नव्व्याण्णव दिवसांच्या प्रवासानंतर एवढेच अंतर! दोन्ही मालकांनी बक्षिसाची रक्कम वाटून घेतली.

परंतु या प्रसिद्ध शर्यतीच्या कथेत एक बारीकशी नोंद असते, ती बहुतेक जण वगळतात. या जहाजांच्या मागाहून ‘अर्ल किंग’ नावाचे आणखी एक जहाज फुचौहून निघाले होते. त्याला शिडांबरोबर वाफेचे यंत्रही होते. ते ७७ दिवसांत, म्हणजे क्लिपरांच्या पंधरा दिवस आधीच, लंडनला पोहोचले होते. लोक धक्क्यावर गर्दी करून ज्यांची वाट पाहत होते, ती जहाजे शर्यत आधीच हरली होती.

पुण्याईचा काळ नव्हे

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोळशाचा धूर नव्हता म्हणून तो काळ निष्पाप होता, असे समजण्याचे कारण नाही. पूर्वेकडील पहिले नामांकित क्लिपर ‘रेड रोव्हर’ हे १८२९ साली कलकत्त्यास बांधले गेले ते चीनमध्ये अफू नेण्यासाठी. ईशान्य मोसमी वाऱ्याच्या विरुद्धही ते चीन गाठू शके, म्हणून व्यापाऱ्यांना त्याचे मोल. माळव्यातील अफूच्या पेट्या तर आपल्या मुंबई बंदरातूनच रवाना होत, आणि मुंबईच्या अनेक मोठ्या घराण्यांच्या वैभवात तो पैसा मिसळलेला आहे. पुढे चिनी मजुरांना क्यूबा आणि पेरूला नेण्याच्या अमानुष व्यापारातही अशी जहाजे वापरली गेली. खलाशांचे हाल तर विचारूच नयेत. गोठलेल्या परबाणांवर चढून शिडे आवळताना किती जण समुद्रात पडले याची मोजदाद नाही. शर्यत जिंकणारे ‘टेपिंग’ १८७१ साली खडकावर फुटले, आणि ‘एरियल’ १८७२ साली सिडनीच्या वाटेवर नाहीसे झाले.

वारा निर्मळ होता. वाऱ्याचा उपयोग करणारी माणसे तुमच्याआमच्यासारखीच होती.

कोळसा जिंकला

शिडाच्या जहाजांना शेवटचा धक्का दोन बाजूंनी बसला. लिव्हरपूलचे आल्फ्रेड होल्ट यांनी वाफेचा दोनदा उपयोग करून घेणारे यंत्र आपल्या जहाजांत बसवले. एकाच कोळशात अधिक अंतर कापता येऊ लागले. १८६६ साली त्यांचे ‘अगामेम्नॉन’ वाटेत कोळसा न घेता मॉरिशसपर्यंत, ८,५०० मैल जाऊ शकले. पाठोपाठ १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझचा कालवा खुला झाला. लंडन ते मुंबई हा आफ्रिकेला वळसा घालून जाणारा सुमारे १९,८०० किलोमीटरचा प्रवास ११,६०० किलोमीटरांवर आला. हा आखूड मार्ग शिडाच्या जहाजांना मात्र बंद होता. कालव्यात त्यांना ओढून न्यावे लागे, आणि तांबड्या समुद्रातील प्रतिकूल वारे त्यांना पुढे सरकू देत नसत.

दैवदुर्विलास असा की, ‘कटी सार्क’ हे त्या परंपरेतील सर्वांत नावाजलेले जहाज कालवा उघडल्यानंतर पाचच दिवसांनी, २२ नोव्हेंबर १८६९ रोजी, स्कॉटलंडमध्ये पाण्यात उतरले. काही वर्षांतच चहाची वाहतूक आगबोटींनी ताब्यात घेतली. ‘कटी सार्क’ मग मिळेल तो माल वाहू लागले. १८८० साली त्याने वेल्समधून अमेरिकन आरमाराच्या जहाजांसाठी कोळसा नेला! हे एकट्याचे दुर्दैव नव्हते. जगभर आगबोटींना इंधन पुरवणारी कोळशाची ठाणी उभी राहिली होती, आणि तेथे कोळसा पोहोचवण्याचे काम कित्येक वर्षे शिडाची जहाजेच करीत होती. वाऱ्याने स्वतःच्या हाताने आपल्या वारसाला भरवले, असेच म्हणावे लागेल.

पुढे लोकर वाहताना ‘कटी सार्क’ने १८८५ साली सिडनी ते लंडन अंतर ७३ दिवसांत कापून नाव राखले. १८९५ साली ते एका पोर्तुगीज कंपनीने विकत घेतले. आज ते ग्रीनिच येथे जतन केलेले आहे.

आगबोटींच्या या युगाशी आपल्या किनाऱ्याचे नाते अगदी जवळचे आहे. रत्नागिरीकडील खलाशी या बोटींच्या डेकवर राबले. गोव्यातील ख्रिस्ती तरुण बटलर व स्टुअर्ड म्हणून जगभर फिरले. मुंबईतील गोवेकरांचे ‘कूड’ या तारवटींच्या आधारानेच भरलेले असत. बोटीवरून येणाऱ्या मनिऑर्डरीवर किती घरे उभी राहिली, किती मुले शिकली! तेव्हा कोळसा हा केवळ खलनायक होता असे आम्ही म्हणू शकत नाही. ज्यांनी शिडे उतरवली त्यांनी आपापल्या परीने शहाणपणाचाच निर्णय घेतला होता. फक्त एका खर्चाची नोंद कुणाच्याच हिशेबात नव्हती.

काचेची पेटी

तो खर्च कोणता, हे सांगण्यासाठी पुन्हा जहाजाच्या डेककडे वळू. लंडनचे एक डॉक्टर, नॅथॅनियल वॉर्ड, यांना असे आढळले की, बंद काचेच्या भांड्यात रोप ठेवले तर ते पाणी न घालताही जगते. १८३३ साली त्यांनी काचेच्या दोन बंद पेट्या रोपांनी भरून शिडाच्या जहाजाने सिडनीला पाठवल्या. रोपे जिवंत पोहोचली. त्यानंतर रॉबर्ट फॉर्च्यून यांनी अशाच पेट्यांतून चीनमधील चहाची हजारो रोपे हिंदुस्थानात आणली. ज्या चहासाठी क्लिपर चीनला धावत, तो चहा आपल्या देशात रुजवण्यास या छोट्या काचघरांनीही हातभार लावला.

जहाजांवर अशी काचघरे डुलत असतानाच काही विद्वान पृथ्वीकडेही तशाच दृष्टीने पाहत होते. फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिए यांनी १८२४ साली असे मांडले की, सूर्यप्रकाश हवेतून सहज आत येतो, पण पृथ्वीने परत सोडलेली उष्णता तितक्या सहज बाहेर जात नाही. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट या विदुषीने काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून उन्हात ठेवले. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत अधिक तापले आणि थंड होण्यासही त्याला सर्वांत अधिक वेळ लागला. पृथ्वीच्या हवेत हा वायू अधिक असता तर तिचे तापमान अधिक असते, हा निष्कर्ष त्यांनी त्याच वेळी लिहून ठेवला. तीन वर्षांनी, १८५९ साली, लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी सूक्ष्म उपकरणांनी दाखवून दिले की, प्राणवायू आणि नत्रवायू उष्णतेचे अदृश्य किरण जवळजवळ अडवीतच नाहीत. ते अडवतात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड यांसारखे वायू.

काचघराची उपमा तंतोतंत नाही, हेही सांगितले पाहिजे. काच मुख्यतः तापलेल्या हवेला निसटू देत नाही. हे वायू उष्णतेचे किरण शोषून त्यांतील काही भाग पुन्हा खाली पाठवतात. एखाद्या गोधडीप्रमाणे ते पृथ्वीला लपेटून असतात. ही गोधडी नसती तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असते. ती असल्यामुळे ते सुमारे १५ अंश आहे. म्हणजे हरितगृह परिणाम हा मुळात वरदानच आहे. अडचण गोधडीची नाही, तिच्यावर दुसरी आणि तिसरी गोधडी चढवण्याची आहे.

वाचकांनी या सनावळ्या ताडून पाहाव्यात. फूट व टिंडल यांचे प्रयोग क्लिपरांच्या ऐन भराच्या दशकातले. म्हणजे ज्या काळी जग शिडांकडून कोळशाकडे वळत होते, त्याच काळी कोळशाच्या धुरातील वायू काय करतो हे प्रयोगशाळेत सिद्ध होत होते. दोन्ही वाटा एकमेकींना भेटल्या नाहीत. स्वीडनचे स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ साली हिशेब मांडला की, हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल; पण तसे होण्यास फार मोठा काळ लागेल, असे त्यांना वाटले. १९१३ साली एकट्या ब्रिटनने २८ कोटी ७० लाख टन कोळसा खणून काढला.

१९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर हवेतील कार्बन डायऑक्साइड अचूक मोजण्यास आरंभ केला. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. ध्रुवीय बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळते की, औद्योगिक क्रांतीपूर्वी तो २८० होता. २०२४ साली तो ४२० च्या वर गेला होता.

बादलीभर पाणी

आता त्या रकान्याकडे येऊ. पृथ्वी किती तापली असे विचारले की उत्तर येते: औद्योगिक काळापूर्वीच्या मानाने इतकी. शास्त्रज्ञ त्यासाठी १८५० ते १९०० या पन्नास वर्षांची सरासरी धरतात. १८५० हेच वर्ष का? कारण त्या सुमारापासूनच जगाच्या बऱ्याच भागांतील मोजमापे उपलब्ध आहेत. पृथ्वीचा जवळजवळ सत्तर टक्के पृष्ठभाग समुद्राचा. तेथील तापमान कुणी मोजले? जहाजावरील खलाशांनी. दोराने बादली खाली सोडायची, पाणी वर घ्यायचे, त्यात उष्णतामापक बुडवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. मोरींनी जमवलेल्या वह्यांतील नोंदी १९९० च्या दशकात अमेरिका व चीन यांच्या सहकार्याने संगणकावर उतरवण्यात आल्या, आणि आज त्या जगाच्या सागरी हवामानाच्या भांडारात सामील आहेत.

या कामातही प्रामाणिकपणाची कसोटी लागली. कॅनव्हासच्या बादलीतील पाणी वर येईपर्यंत बाष्पीभवनाने किंचित थंड होते. पुढे आगबोटींत यंत्रासाठी आत घेतलेले पाणी मोजले जाऊ लागले, ते किंचित उबदार असे. हा फरक ध्यानात घेतला नाही तर समुद्र प्रत्यक्षाहून अधिक तापला असे दिसेल. शास्त्रज्ञांनी ती दुरुस्ती केली. तरीही उरलेले उत्तर काळजीचेच आहे. जागतिक हवामान संघटनेच्या अहवालानुसार २०२४ साल हे १८५०-१९०० च्या सरासरीहून सुमारे दीड अंशाने अधिक उष्ण ठरले. २०१५ च्या पॅरिस करारात राष्ट्रांनी जी मर्यादा राखण्याचा प्रयत्न करू असे म्हटले, ती हीच दीड अंशाची. एका वर्षाने दीर्घकाळची मर्यादा ओलांडली असे होत नाही. पण उंबरठ्यावर पाय पडला आहे.

आपल्या किनाऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही. अरबी समुद्र तापतो आहे आणि तेथील चक्रीवादळे वाढत आहेत, असे पुण्यातील हवामानशास्त्रज्ञांनीही दाखवले आहे. जून २०२० मधील ‘निसर्ग’ने रायगड-रत्नागिरीच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. मे २०२१ मधील ‘तौक्ते’त मुंबईजवळच्या समुद्रात एक बार्ज बुडून सत्तरांहून अधिक कामगारांचे प्राण गेले. ज्यांच्या पूर्वजांनी कोळशाचा लाभ सर्वांत कमी घेतला, त्यांच्याच दारी त्याचे बिल आधी येत आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १ जानेवारी १९९० च्या शांतिदिनाच्या संदेशात हरितगृह परिणामाचा नावानिशी उल्लेख केला होता आणि हा प्रश्न मुळात नैतिक आहे असे म्हटले होते, ते याच अर्थाने.

पुन्हा शिडे

आजही जगातील व्यापारी मालाचा बहुतांश भाग समुद्रानेच जातो, आणि मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे तीन टक्के जहाजांतून येतो. हे उत्सर्जन २०५० च्या सुमारास शून्यावर आणण्याचे ध्येय आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ साली स्वीकारले. त्याच वर्षी ‘पिक्सिस ओशन’ नावाचे एक मोठे मालवाहू जहाज साडेसदतीस मीटर उंचीची दोन पोलादी शिडे उभारून महासागरात उतरले. यंत्र आहेच, पण वारा मदतीला आला की इंधन वाचते. दीडशे वर्षांपूर्वी ‘अर्ल किंग’वर शिडांना यंत्र जोडले होते, आता यंत्राला शिडे जोडली जात आहेत. क्लिपरांचा काळ परत येणार नाही, आणि तो यावा असे आम्ही म्हणतही नाही. पण वारा कधीच कालबाह्य झाला नव्हता, हे तरी उमगले.

हे सर्व वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आपल्या धर्मग्रामांतील जुन्या नोंदवह्या येत होत्या. बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू... शंभर वर्षांपूर्वी कुण्या पुरोहिताने कंदिलाच्या उजेडात लिहिलेली एक ओळ आज एखाद्या कुटुंबाला आपले मूळ सांगते. लिहिणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. तसाच केप हॉर्नच्या थंडीत बादली वर ओढणारा तो खलाशी. त्याला कप्तानाने सांगितले म्हणून त्याने आकडा लिहिला, आणि खरा लिहिला. त्याच्या काळाने धुराची नोंद ठेवली नाही. पण त्याने पाण्याची ठेवली, म्हणून आज आपल्याला धुराचाही हिशेब करता येतो.

आपण आपल्या वहीत काय लिहून ठेवतो, ते वाचणारे अजून जन्मायचे आहेत.